सोयाबीनच्या फाटकावरचा थांबा

आमच्या किन्हीराजा गावात लोक माझ्याकडे प्रिंटर घेऊन येतात. एकदा एक गृहस्थ मिक्सर घेऊन आले. "याच्यातबी आजकाल कम्प्युटर राह्यते म्हणे," असं म्हणून त्यांनी तो माझ्या टेबलावर ठेवला. मला मिक्सर दुरुस्त करता येत नाही, प्रिंटरही येत नाही. मिक्सर आमच्या मामाजींनी, म्हणजे सासऱ्यांनी, दुरुस्त करून दिला आणि ते गृहस्थ जाताना मला म्हणाले, "काई हरकत नाई ताई, शिकसान हळूहळू."

पंचवीस वर्षं मी सॉफ्टवेअरच्या कामात आहे. त्यातली बरीचशी पुण्यात गेली. सासूबाई गेल्या, मामाजी एकटे पडले आणि त्याच सुमारास आमचं ऑफिस आपणहून घराघरांत येऊन बसलं, तेव्हा आम्ही गावी परतलो. ह्यांनी शेती हातात घेतली. मी माडीवर टेबल मांडलं, कारण नेटवर्क फक्त माडीवरच येतं. या अंकाच्या संपादकांनी 'तुमच्या कामाबद्दल लिहा' म्हटलं तेव्हा माझ्यासमोर पहिली अडचण हीच आली, की माझं काम काय हे आमच्या घरातसुद्धा नीट ठरलेलं नाही.

तर आधी तेवढं सांगते. प्रोग्राम म्हणजे संगणकाला ओळीओळीनं लिहून दिलेली कामं. तो कुठल्या ओळीवर चुकतो ते शोधणं हा आमचा अर्धा धंदा. पूर्वी पुण्याच्या मशीनवर गुणी पोरासारखा चालणारा प्रोग्राम दुसऱ्या गावच्या मशीनवर गेला की रुसून बसायचा. तिथलं पाणी वेगळं, चूल वेगळी. यावर उपाय निघाला तो कंटेनरचा. मी त्याला डबा म्हणते. प्रोग्राम, त्याला लागणारं तिखटमीठ, चूल, काडेपेटी, सगळं एका डब्यात बंद करायचं आणि डबाच्या डबा पाठवून द्यायचा. आतल्या आत स्वयंपाक होतो. अडचण एवढीच, की डबा बंद असतो. आत काही करपलं तर बाहेर नुसता वास येतो, काय करपलं ते दिसत नाही. आणि डबा असतो कुठल्या कुठे, पाचशे कोसांवर.

या बंद डब्यात लांबून बघता यावं म्हणून मी एक छोटंसं साधन लिहिलं. त्याचं नाव 'डोकाव'. ते चालू प्रोग्रामला हव्या त्या ओळीवर थांबवून धरतं. मग आत कोणाच्या हातात काय आहे ते निवांत पाहायचं, चूक सापडली की त्याला पुढे सोडायचं. थांबवायच्या जागेला इंग्रजीत वेगळं नाव आहे. मी एसटीवरून 'थांबा' ठेवलं.

डोकाव मी इंटरनेटवर मोकळं ठेवलं. कोणीही घ्यावं, कसं बनवलं तेही वाचावं, जमलं तर सुधारून द्यावं. हे मामाजींना कळलं तेव्हा त्यांनी हातातला पाना खाली ठेवला.

"मालबी फुकट, आन् कारागिरीबी सांगून टाकायची?"

"हो मामाजी."

"मंग तुले पुण्यात कोणी समजावलं नाई का?"

मामाजी चाळीस वर्षं शेतातल्या पाण्याच्या मोटरी दुरुस्त करतात. पार जऊळक्यासारख्या गावापासून लोक त्यांना फोन करतात. मामाजी म्हणतात, "मोटर चालू कर आन् फोन तिच्याजवळ ने." मग डोळे मिटून ऐकतात आणि सांगतात, "बेरिंग गेली. घेऊन ये." किंवा, "मोटर चांगली हाये, पाण्यात गाळ हाये. मोटरले शिव्या नको देऊ." हा सल्लाही फुकटच असतो. मी त्यांना म्हटलं, माझं काम हेच आहे, तुम्ही कानानं करता ते मी डोळ्यांनी करते. ते म्हणाले, "मंग तुले एवढा कम्प्युटर कायले लागते?"

डोकाव वापरणारे लोक जगभर निघाले. त्यातल्या एकाचंही तोंड मी पाहिलं नव्हतं. ओळख फक्त तक्रारींतून. जवळजवळ सगळ्या तक्रारींची सुरुवात 'आदरणीय सर' अशी. एकदा कुठल्याशा थंड देशातल्या माणसानं कळवलं की साधनाचं नाव बदलावं, कारण त्यांच्या भाषेत तसाच एक शब्द आहे आणि तो चांगला नाही. पुढे त्यानं लिहिलं होतं, "सर, आम्ही हा शब्द बायकांसमोर उच्चारत नाही." मी नाव बदललं नाही. खाली सही करताना मात्र पूर्ण नाव लिहिलं आणि त्याच्यापुढे 'सौ.' लावलं. त्याला कळलं नाही. पुढचं पत्रही 'आदरणीय सर'च.

आणखी एक हौस मी केली होती, आणि पुढचं सगळं रामायण त्या हौसेतून झालं. डोकावचे निरोप, म्हणजे ते पडद्यावर जे बोलतं ते, मी मराठीतही लिहिले होते. ज्या मशीनची भाषा मराठी ठेवली असेल तिथे ते आपोआप मराठी बोलेल. प्रोग्राम थांबला की पानाच्या माथ्यावर एक पिवळी पट्टी यायची: 'थांबा! इथे थांबलो आहे. पुढे जाऊ?' खाली बारीक अक्षरांत: 'डोकाव, किन्हीराजा.' जगात मराठीत ठेवलेली असली मशीन किती असतील? माझ्या अंदाजानं एक, माझी स्वतःची. माझा अंदाज एकानं चुकला.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. तुळशीची लग्नं होऊन माणसांची सुरू झाली होती आणि बाजारात सोयाबीन अजून येतच होतं. सकाळी दहाच्या सुमाराला आमच्या दारात एक जीप थांबली. मी माडीवर होते. मामाजी ओसरीत एका मोटरचं जळकं वाइंडिंग उलगडत बसले होते. जीपमधून पांढऱ्या कपड्यातले एक जाडजूड गृहस्थ उतरले आणि त्यांनी मामाजींना विचारलं,

"काहो, इथं डोकावणारं कोण राह्यते?"

"काय म्हणता?"

"डोकाव, डोकाव. किन्हीराजाचंच लिहिलं हाये. बाईमाणूस हाये म्हणे. पानठेल्यावाल्यानं तुमचंच घर दाखवलं."

मामाजी उठून उभे राहिले. "भाऊ, तुमी चुकीच्या घरी आले. आमच्या घरातली बाई कोणाच्या घरात डोकावत नाई."

"अवो, घरात नाई! आमच्या बाजार समितीत डोकावली ना थे! सकाळपासून बाजार बंद पाडला तिनं!"

मी जिना उतरून आले. गृहस्थ म्हणजे तासाभराच्या अंतरावरच्या एका बाजार समितीचे संचालक, देवरावभाऊ. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं, पदर, चष्मा, हातातला चहाचा कप, आणि मग मामाजींकडे वळून विचारलं, "याच का?" मोबाइलवर त्यांनी एक फोटो दाखवला. बाजार समितीच्या फाटकावरचा मोठा टीव्ही, ज्यावर कोणाच्या गाडीचा नंबर आला ते दिसतं, आणि त्याच्या माथ्यावर हातभर रुंद पिवळी पट्टी.

'थांबा! इथे थांबलो आहे. पुढे जाऊ?'

खरं सांगायचं तर मला आधी आनंद झाला. कोणीतरी मराठीत वापरतंय! हा आनंद चहाच्या एका घोटाएवढा टिकला. मग डोक्यात प्रकाश पडला आणि कप खाली ठेवावा लागला.

झालं होतं ते असं. समितीचा आवक-पावतीचा प्रोग्राम एका छोट्या कंपनीनं केलेला होता. फाटकावर गजानन नावाचा कारकून बसतो, गाडी आली की शेतकऱ्याचं नाव आणि माल लिहून बटण दाबतो, पावती निघते, पावती घेऊन गाडी आत. पावतीशिवाय हर्रासात, म्हणजे लिलावात, माल लागत नाही. त्या कंपनीचा इंजिनिअर अश्विन आदल्या संध्याकाळी बाजार उठल्यावर एक बारीक दोष शोधत होता. काही शेतकऱ्यांच्या नावातलं शेवटचं अक्षर पावतीवर गायब व्हायचं. त्यानं माझं डोकाव लावलं, बटणाच्या ओळीवर थांबा ठेवला, आणि त्याला घरून फोन आला असावा. तो थांबा तसाच ठेवून निघून गेला.

सकाळी सात वाजता गजाननने पहिल्या गाडीसाठी बटण दाबलं. प्रोग्राम माझ्या थांब्यावर येऊन आज्ञाधारकपणे उभा राहिला आणि त्यानं पट्टी झळकवली. पट्टीवर प्रश्न होता, पण उत्तर द्यायला बटण नव्हतं, कारण उत्तर थांबा लावणाऱ्यानं आपल्या मशीनवरून द्यायचं असतं. हे लोकांना कसं कळणार? देवरावभाऊ म्हणाले, "पहिला अर्धा तास तं लोकं टीव्हीलेच सांगत होते, जाय ना बाप्पा, कोण अडवलं तुले!"

मग कोणीतरी म्हणालं, मशीन कशाला थांबेल, वरून आदेश आला असंल. 'थांबा' म्हणजे हर्रास थांबवा. बघता बघता बातमी रांगेच्या शेवटापर्यंत गेली आणि जाताना वाढत गेली. फाटकाशी 'आज हर्रास उशिरा' अशी निघालेली गोष्ट रस्त्यावरच्या शेवटच्या ट्रॅक्टरपर्यंत 'खरेदी कायमची बंद' अशी पोचली. व्यापाऱ्यांनी तेच ऐकलं आणि ते काटे झाकून आपापल्या गाद्यांवर जाऊन बसले. दोन पुढाऱ्यांनी रस्त्यात बसायची तयारी चालवली. सचिव साहेब घाबरून कोणाकोणाला फोन करत सुटले, तर प्रत्येक जण 'आदेशाची प्रत पाठवा' म्हणे. अश्विनचा फोन लागत नव्हता. शेवटी गजाननला पट्टीखालची बारीक अक्षरं दिसली.

"ताई, मले एकच सांगा," देवरावभाऊ म्हणाले. "तुमाले आदेश कुठून आला?"

"मला कुठूनही नाही आला. भाऊ, गजाननला फोन लावा."

थांबा समितीच्या मुख्य मशीनवरूनही काढता येत होता, आणि ते कार्यालयात टेबलाखाली होतं. दसऱ्याला घातलेला झेंडूचा हार अजून त्याच्या गळ्यात होता, असं मला नंतर दिसलं. गजाननला मी त्याच्यासमोर बसायला सांगितलं आणि फोन मोठ्या आवाजावर ठेवला.

"गजाननभाऊ, मी सांगते तसं टाइप करा. काही अवघड नाही. आपल्याला थांबा काढायचा आहे."

"हाव ताई, सांगा."

"टाइप करा, थांबा."

पलीकडून टाइप केल्याचा आवाज येईना.

"गजाननभाऊ?"

"थांबलो ना ताई."

"तसं नाही. थांबा टाइप करा."

"तुमीच टाइप करा म्हणता, तुमीच थांबा म्हणता. एक काय थे सांगा."

"अहो, 'थांबा' हाच शब्द टाइप करायचा. इंग्रजी अक्षरांत. टी, एच, ए..."

"थांबा थांबा, कागद घेतो."

"कागद नको! नुसता थांबा काढा!"

"कोणाले काढू ताई? इथं तं सगळेच थांबले हायेत."

देवरावभाऊंना राहवेना. ते माझ्या खांद्यावरून फोनमध्ये ओरडले, "अबे गज्या, थांबू नको! बाई म्हणते थे कर!" 'थांबू नको' एवढंच गजाननला ऐकू गेलं. तो खुर्चीवरून उठून फाटकाकडे गेला. त्याला परत आणायला पाच मिनिटं लागली.

आयुष्यात मी अनेक देशांतल्या माणसांना ही आज्ञा समजावली आहे. मराठी माणसाला ती मराठीत समजावणं इतकं कठीण जाईल असं कधी वाटलं नव्हतं. शेवटी आज्ञा टाइप झाली आणि मशीननं परवलीचा शब्द, म्हणजे पासवर्ड, मागितला. तो फक्त अश्विनकडे.

अश्विनचा फोन अकराव्या प्रयत्नाला लागला. उचलला एका बाईनं. मागे ढोल, बायकांची गाणी, कोणाचं तरी मोठ्यानं हसणं.

"अश्विन नाई येऊ शकत. त्याले हळद लागून राह्यली."

"कोणाच्या लग्नात?"

"त्याच्याच!"

ती त्याची थोरली बहीण होती. मी विनवणी केल्यावर तिनं फोन त्याच्या कानाशी धरला, म्हणजे धरला असं म्हणाली. आवाजावरून फोन मांडवाच्या मध्यावर मोठ्या आवाजावरच होता. मी काय झालं ते सांगितलं. अश्विन एकदम रडवेला झाला. "मॅडम, माझ्याकडून राहूनच गेलं. आई म्हणाली मुहूर्त चुकंल. मी मेसेज करतो पासवर्ड."

"हाताला हळद आहे ना?"

"हो."

"मग सांग. आमचे नियम मलाही माहीत आहेत, पण सांग."

बहीण म्हणाली, "सांग ना रे, लोकं खोळंबले."

"मॅडम, तो जुना आहे. दोन वर्षांपूर्वी ठेवलेला."

"असू दे."

"एल, ए, जी, एन, ए..." असं करत तो शेवटपर्यंत आला. मी अक्षरं लिहून घेत होते. मामाजी माझ्या मागून वाचत होते. माझ्याआधी त्यांनी ते जोडलं आणि स्पष्ट, ठणठणीत आवाजात उच्चारलं:

"लग्न जमत नाही."

मांडवातले ढोल थांबले. मग बायकांचं असं हसणं उसळलं की देवरावभाऊंच्या जीपचा ड्रायव्हरही बाहेर उभ्या उभ्या हसायला लागला. त्यातून एका म्हाताऱ्या बाईचा आवाज आला, "जमलं ना रे बाप्पा आता! बदलवून टाक थे!"

पासवर्ड गजाननला सांगितला. त्यानं टाइप केला, शेवटचं बटण दाबलं. थांबा निघाला. फोन हातात घेऊन तो फाटकावरच्या प्रिंटरकडे पळाला. मी निःश्वास सोडते न सोडते तोच फोनमधून कर्र कर्र असा आवाज सुरू झाला आणि बंदच होईना.

"ताई! पावती निघाली!" मग जरा वेळानं, "ताई, आणखी एक निघाली." आणि मग घाबऱ्या आवाजात, "ताई, हे थांबून नाई राह्यलं!"

माझ्या लक्षात आलं. सकाळपासून गजानन अधूनमधून तेच बटण दाबत होता. प्रत्येक दाबणं आत रांगेत उभं होतं, फाटकाबाहेरच्या ट्रॅक्टरांसारखं. वाट मोकळी होताच सगळी एकदम सुटली. एकाच नावाच्या बेचाळीस पावत्या.

"ताई, पाया पडतो," गजानन म्हणाला, "थांबा लावा!"

मशीन सुरळीत झालं, बाजार झाला नाही. लोक म्हणाले, आदेश आला होता, आता मागे घेतला, म्हणजे काहीतरी काळंबेरं आहे. बेचाळीस पावत्यांनी तर संशय पक्काच केला. व्यापारी गाद्यांवरून हलेनात. सचिव साहेब फोनवर म्हणाले, "मॅडम, तुम्ही स्वतः येऊन सांगा की आदेश नव्हता. लेखीबी द्या." मी गेले. मामाजी न विचारता जीपमध्ये पुढच्या सीटवर जाऊन बसले.

रस्त्यावरून आत जाताना दोन्ही बाजूंना ती रांग पाहिली. ट्रॅक्टर, मालवाहू ऑटो, कट्ट्यांवर, म्हणजे सोयाबीनच्या पोत्यांवर, बसलेली माणसं, कोणी रुमाल डोक्यावर घेतलेला, कोणी चाकाच्या सावलीत भाकरी सोडलेली. मी पंचवीस वर्षं 'प्रोग्राम थांबलेला आहे' हे वाक्य लिहीत आले आहे. प्रोग्राम थांबतो म्हणजे अशी माणसं उभी राहतात, हे मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. जीपच्या काचेतून तोंड बाहेर काढायची मला लाज वाटली.

हर्रासाच्या ओट्यावर माझ्या हातात भोंग्याचा माइक दिला. मी सांगायला लागले. प्रोग्राम म्हणजे काय, डबा म्हणजे काय, थांबा कशासाठी लावतात. मोठ्या शहरांतल्या सभागृहांत मी यावर भाषणं दिली आहेत आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या आहेत. इथे दुसऱ्याच मिनिटाला मागून आवाज आला, "ताई, भाव सांगा!" मी आणखी सोपं करायला गेले तर आणखी गुंता झाला. एक व्यापारी शेजारच्याला म्हणाला, "डबा बंद झाला म्हणे." शेजारचा म्हणाला, "कोणाचा?"

मामाजींनी माझ्या हातातून माइक घेतला.

"ऐका हो! हे मायी सून हाये. आदेश-बिदेश काई आला नाई. मोटर चालू होती, पाणीबी होतं. एक पोरगं पाइपाचा कॉक बंद करून हळदीले निंगून गेलं. सूनबाईनं कॉक खोलला. बस. आता कायले उभे हाये?"

एकदम हशा पिकला. "कोणाच्या हळदीले?" असं कोणीतरी ओरडलं, मामाजींनी तेही सांगितलं, पासवर्डसकट. पाच मिनिटांत व्यापारी काटे उघडून ओट्याशी आले. हर्रास सुरू झाला. मी पंचवीस वर्षांत कमावलेलं सगळं ज्ञान माइकच्या दांड्यासारखं हातात धरून एका बाजूला उभी राहिले.

तेवढ्यात कोणीतरी पदर ओढला. साठीच्या पुढची, काटक, हातावर गोंदण असलेली बाई. गळ्यात उपरण्यासारखी कागदाची लांबच लांब पट्टी. बेचाळीस पावत्या तिच्याच नावाच्या होत्या. शेवंताबाई, मानोऱ्याकडच्या एका तांड्यावरच्या.

"तूच का व थांबवणारी?"

"हो बाई. चूक झाली माझी."

"एकाच मालाच्या एवढ्या पावत्या दिल्या. भावबी तेवढ्यांदा देता का?" असं म्हणून ती स्वतःच हसली. पण चेहरा दमलेला होता. सकाळी सातच्या आधीपासून ती रांगेत पहिली उभी होती. मुलगा आणि सून ऊसतोडीला गेलेले. माल विकायला ती जन्मात पहिल्यांदा एकटी आली होती. "म्हटलं यंदा मीच इकून येतो. पोरगं म्हणे, माय, तुले नाई जमणार, मी येईस्तोवर ठेव. मी म्हटलं, जमते. आन् इथं आले तं पहिलाच बटन दाबला आन् बाजार बंद. मले वाटलं, माह्याचमुळं झालं. मायं नाव घेतलं आन् मशीन बंद पडलं."

पाच तास त्या बाईनं हे मनात धरलं होतं. कोणाला विचारावं तर सगळे ओरडत होते. मी तिला म्हटलं, चला, चहा घेऊ, हर्रास पलीकडच्या टोकाकडून सुरू झालाय, तुमच्या मालाची पाळी यायला अजून वेळ आहे.

टपरीवर बसल्यावर तिनं विचारलं, "कायले थांबवता पन त्याले?"

"आत काय चाललंय ते पाहायला."

"मंग पाह्यलं का?"

कोणीच पाहिलं नव्हतं. पाहणारा हळदीला गेला होता आणि पाहायचं साधन बनवणारी माडीवर चहा पीत होती.

"नाही पाहिलं," मी म्हटलं.

"पाहाचं नसंल तं थांबवू नाई माय." हे तिनं रागानं नाही म्हटलं. बशीत चहा ओतून फुंकर मारता मारता म्हटलं.

मग मी तिला कामाचा म्हणून प्रश्न विचारला. तो मी याआधी कितीतरी हुशार लोकांना विचारला होता आणि प्रत्येकानं वेगळा आकडा सांगितला होता. "बाई, कोणी थांबवलंच, तर माणूस किती वेळ उभं राहू शकतं?"

तिनं बशी खाली ठेवली. "एक चहा होईस्तोवर राह्यते. त्याच्यापुढं मनात वाईट येते."

तिचा माल दुपारी गेला. "बरा गेला," म्हणाली. ज्या ऑटोतून ती आली होती तो केव्हाच परतला होता. देवरावभाऊंनी जीप आधी तिच्या तांड्याकडे वळवली. वाटेत त्यांनी बेचाळीसातल्या एकेचाळीस पावत्या परत मागितल्या. तिनं दिल्या नाहीत. पोराला दाखवायच्या होत्या.

अश्विनचं लग्न लागलं. त्यानं पासवर्ड बदलला, नवा काय ठेवला ते मी विचारलं नाही. नावातलं शेवटचं अक्षर गायब होण्याचा दोषही त्यानं काढला. पिवळी पट्टी आता फक्त थांबा लावणाऱ्याला दिसते, बाजाराला नाही. आणि त्या आठवड्यात मी डोकावमध्ये आणखी एक गोष्ट घातली. थांबा लावला आणि त्याच्याकडे कोणी बघत नसेल, तर दहा मिनिटांनी तो आपोआप निघतो आणि काम पुढे चालू लागतं. किती मिनिटांनी, ते ज्याचं त्याला बदलता येतं. त्या जागेला नाव द्यायचं होतं. मी 'चहा' दिलं. आता कुठले कुठले लोक आपापल्या प्रोग्रामांत 'चहा: दहा' असं लिहितात. बऱ्याच जणांनी अर्थ विचारला नाही.

मागच्या महिन्यात एका मोठ्या कंपनीतल्या इंजिनिअरचं पत्र आलं. भाषा फार आदबशीर. त्यांच्या माणसांना दहा मिनिटं पुरत नाहीत, तरी मुळातच ही मर्यादा दोन तासांची करावी, तसा बदल त्यांनी लिहूनही पाठवला होता. बदल नीट लिहिलेला होता, त्यात खोट काढायला काही नव्हतं. मी तो परत पाठवला. तुमच्यापुरती वाढवा, म्हटलं, सगळ्यांसाठी नाही. त्यांनी नम्रपणे कारण विचारलं.

मी खूप वेळ विचार केला. रांग, फाटक, ऊसतोड, बशीतला चहा, हे सगळं इंग्रजीत कसं बसवायचं ते सुचेना. शेवटी एकच ओळ लिहिली आणि तीच तिथे आहे, कोणालाही वाचता येईल अशी:

"आदरणीय सर, शेवंताबाई उभ्या आहेत."